दुसरा रकाना

मराठीत फँटसी रोलप्लेइंग खेळ रचणाऱ्या आणि रचू पाहणाऱ्या मंडळींना,

लातूरहून नमस्कार.

मी इथल्या ट्यूशन एरियात एका खासगी वसतिगृहाचा रेक्टर आहे. साठ पोरं, एक मेस, दोन बोअर आणि त्यातला एक कोरडा. पोरं नीटच्या नाहीतर जेईईच्या तयारीला आलेली, किनवटपासून परांड्यापर्यंतची. रविवारी सकाळी टेस्ट असते. ती दीडला सुटते, जेवणं होतात आणि अडीचच्या सुमाराला वरच्या स्टडी रूममध्ये आमचा डाव बसतो. सात-आठ जण असतात. डन्जन मास्टर मी. म्हणजे मी एक जग सांगायचं, पोरांनी त्या जगातली माणसं व्हायचं, आणि कुठं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पालकांनी विचारलं तर आम्ही याला 'लॉजिकल रिझनिंग' म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्यातल्या एका गटाच्या नव्या खेळाची कच्ची पुस्तिका चाचणीसाठी माझ्यापर्यंत पोचली. मराठीत! मी हरखून गेलो. दोनशे पानं झेरॉक्सवाल्याकडून काढून, स्पायरल मारून आणली. त्या गटाचं नाव इथं घेत नाही. पुस्तिका मेहनतीची आहे, आणि मला जे खटकलं ते तुमच्यातल्या बहुतेकांच्या वहीत कमी-जास्त सापडेल. माझ्याही वहीत सापडलं, ते पुढं सांगतो.

पहिल्या रविवारी कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती भरायचे कागद, वाटले. पहिला रकाना: नाव. दुसरा रकाना: जात.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग खोली फुटली. "सर, व्हॅलिडिटी जोडायची का?" "ह्याचं नॉन-क्रिमीलेअर संपलंय, ह्याला यक्ष होता येणार नाही." उदगीरच्या पोरानं 'ओपन' लिहून शीट परत दिली. मीही हसलो. या पोरांचं वर्षातलं निम्मं डोकं तहसील, सेतू आणि जात पडताळणीच्या फायलीत अडकलेलं असतं. तिथून सुटून तीन तास दुसऱ्या जगात जावं म्हणून ती वर येतात, आणि त्या जगाच्या दारावर तोच फॉर्म.

इंग्रजी खेळातल्या 'रेस' या शब्दाला तुम्ही सरळ 'जात' केलंत. हे भाषांतर चुकलंय, असं मला म्हणवत नाही. इतकं नेमकं भाषांतर मी क्वचित पाहिलंय.

या खेळाचं मूळ १९७४चं. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला, आणि आज आपण जे काही खेळतो ते या ना त्या वाटेनं तिथून आलंय. त्याची १९८१ची बेसिक नियमावली बघा. माणूस असाल तर योद्धा व्हा, चोर व्हा, जादूगार व्हा, धर्मोपदेशक व्हा. पण बुटका असाल तर तुमचा धंदा 'बुटका'. एल्फ, म्हणजे टोकदार कानांचा वनवासी, असाल तर 'एल्फ'. जन्म हाच व्यवसाय. शिवाय वर चढायलाही कमाल मर्यादा: बुटक्याला बारावी पायरी, एल्फला दहावी, बारक्या चणीच्या हाफलिंगला आठवी. माणूस मात्र पुढच्या संचांमध्ये छत्तिसाव्या पायरीपर्यंत जाऊ शके. बाराबलुतं ज्यानं कधी ऐकलंही नव्हतं, त्यानं विस्कॉन्सिनमध्ये बसून बाराबलुतं रचलं होतं. (१९७८च्या पुस्तकात तर बाईच्या ताकदीलाही पुरुषापेक्षा कमी मर्यादा होती. आमच्या मेसच्या काकू गव्हाचं पन्नास किलोचं पोतं एकट्या सरकवतात, त्यांना हे वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.)

त्यांनी ते पुढं हळूहळू सोडलं. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत धंद्याची आणि पायऱ्यांची बंधनं गेली. २०२०मध्ये खेळ काढणाऱ्या कंपनीनं जाहीरपणे मान्य केलं, की ऑर्क (रानटी लढवय्ये) आणि ड्राउ (काळ्या कातडीचे एल्फ) यांना दुष्ट दाखवताना जी वर्णनं वापरली गेली, ती खऱ्या जगातल्या लोकांची हेटाळणी करायला वापरल्या जाणाऱ्या वर्णनांसारखीच होती. त्याच वर्षीच्या पुस्तकात जन्माचे गुण हवे तिकडं फिरवायची मुभा आली. २०२४च्या नव्या आवृत्तीत 'रेस' शब्दच गेला, 'स्पीशीज' आला, आणि ताकद-बुद्धीची वाढ जन्मावरून उचलून तुमच्या आधीच्या आयुष्यावर नेऊन ठेवली. तुम्ही शिपाई होता, कारकून होता की शेतकरी, त्यावर. शेतकरी असाल तर वाढ मिळते ताकदीत, चिवटपणात नाहीतर शहाणपणात. बुद्धीचं नाव त्या यादीत नाही. निलंग्याच्या पोराचा बाप शेतकरी. तो म्हणाला, "सर, बुद्धी असती तर सोयाबीन केलं असतं का?" हा त्याचा विनोद, आणि तो त्यानंच करावा.

तेव्हा शब्द बदलून भागतं असं समजू नका. 'जात' खोडून 'वंश' लिहिलंत, 'प्रजाती' लिहिलंत, तरी रकाना दुसराच राहतो. आणि 'प्रजाती' तर नकोच. जीवशास्त्राच्या पहिल्याच धड्यात पोरांना शिकवतात की वेगळ्या प्रजातींच्या संकरातून पुढं वंश चालत नाही. त्या २०२४च्या पुस्तकातून अर्धे-एल्फ आणि अर्धे-ऑर्क खेळाडूंच्या यादीतून गायब झाले. त्यामागं त्यांची कारणं असतील. आमच्या टेबलावर मात्र आंतरजातीय लग्नातून जन्मलेला एक जण बसतो, आणि यादी वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "म्हणजे आम्ही रद्द का?"

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितोय तिकडं येतो.

तुमच्या पुस्तिकेत एक भटकी जमात आहे. बैलांवर बिऱ्हाड, आरसे लावलेले घागरे, बायकांच्या दंडभर पांढऱ्या बांगड्या. नाव काल्पनिक. गुण: चपळाई +२, चोरी +२. अडचण: 'नगरात शिरताना पहारेकऱ्यांचा संशय.' स्वभाव: 'स्वार्थी, बेभरवशाचा, जमातीबाहेर निष्ठा नाही.' चित्र सुंदर आहे, खरंच सुंदर. किनवटकडच्या तांड्यावरचं एक पोरगं ते चित्र बराच वेळ बघत होतं. मग म्हणालं, "सर, हे तर माझ्या याडीचं फेटिया-कांचळी हाय." याडी म्हणजे आई, फेटिया-कांचळी म्हणजे घागरा-चोळी. एवढंच बोललं. आणि त्यानं राजनगरीचा मानव योद्धा निवडला. दिवसभर चांगलं खेळलं. त्या पानावर परत गेलं नाही.

त्याच्या खऱ्या फॉर्मवर 'व्हीजे-ए' लिहिलेलं असतं. व्हीजे म्हणजे विमुक्त जाती. कशातून विमुक्त, हे त्याला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या रात्री जेवणानंतर मी सांगितलं. १८७१मध्ये इंग्रजांनी कायदा केला, की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार. नोंद करायची, हजेरी लावायची, हद्दीबाहेर जायला परवाना घ्यायचा. पाळण्यातलं पोरही त्यात आलं. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली, तेव्हा कुठं १९५२च्या ३१ ऑगस्टला तो शिक्का कायद्यातून पुसला गेला. आमचा मुलूख निजामाचा, तो कायदा इंग्रजांच्या मुलखाचा. पण शिक्का कुठं हद्द मानतो? आजही गावात मोटार चोरीला गेली की पहिली चौकशी कुठल्या पालावर होते, हे इथं कुणालाही विचारा.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीतल्या राक्षसकोशात प्रत्येक जिवापुढं स्वभाव छापलेला असे. काहींपुढं 'नेहमी दुष्ट', ऑर्कपुढं 'बऱ्याचदा दुष्ट'. १८७१च्या कायद्यात तो 'बऱ्याचदा'सुद्धा नव्हता.

आणि ज्यांना तुम्ही चोरी +२ दिलंत, ते करत काय होते? लमाण तांडे म्हणजे दख्खनची रसद. मुघलांच्या फौजा खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या मागं हजारो बैलांवर धान्य वाहणारे हेच. मीठही हेच वाहायचे. लढाई कुणाचीही असो, दोन्ही बाजूंच्या फौजा यांच्या बैलांवर जगायच्या. मग रेल्वे आली, मिठाचा धंदा इंग्रज सरकारनं मुठीत घेतला, बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या, आणि ज्यांचं फिरणं म्हणजे व्यापार होता त्यांचं फिरणं म्हणजे गुन्हा झाला. सांगा, खेळासाठी यात काय कमी आहे? वाटा ठाऊक असणं, ताऱ्यांवरून दिशा, कुठल्या नाल्याला मार्चमध्ये पाणी असतं, दोन शत्रूंशी एकाच आठवड्यात सौदा, शिवाय बाहेरच्याला न कळणारी बोली. एवढं सगळं समोर असताना तुम्हाला सुचलं काय, तर चोरी. तुम्ही दुष्ट आहात म्हणून सुचलं असं मी म्हणत नाही. तयार साच्यात एक खाच रिकामी होती. इंग्रजी पुस्तकात तिथं दुसऱ्या कुठल्या भटक्यांचं चित्र होतं, तुम्ही आपल्याकडचं बसवलंत.

भाषेचंही तेच. तुमच्या राजनगरीतले यक्ष पुण्याच्या व्याख्यानमालेत बोलावं तसं बोलतात. पुस्तकाच्या मागच्या भागात 'कोरडरान' नावाचा मुलूख आहे. तिथं पाऊस पडत नाही, तिथले लोक पाण्यासाठी एकमेकांचे गळे कापतात, आणि ते बोलतात असं: "कामून आलास रं? मपलं हाय ते." ही बीड-परभणीकडची बोली आहे, आमच्या अर्ध्या टेबलाची मातृभाषा. इंग्रजी खेळांत बुटके स्कॉटिश ढंगानं बोलतात, ते कुणाला तरी एडिंबरोत असंच टोचत असेल.

कोरडरान वाचताना मला २०१६ आठवलं. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं. त्याआधी पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी लागली होती. भांडणं झाली, खोटं कशाला बोलू. पण त्याच उन्हाळ्यात माझ्या गल्लीत टँकर आला की आधी बाळंतिणीच्या घरी दोन घागरी जायच्या, मग रांग सुरू. हे कुणी ठरवलं, मला आजही माहीत नाही. तहानलेल्या मुलखाचे कायदे असतात, हिशेब असतात, मानपान असतात, टँकरवाल्याची अरेरावी असते. तुमच्या कोरडरानात फक्त सुरे आहेत.

आता माझी कबुली. गेली चार वर्षं माझे गोब्लिन, म्हणजे खेळातले खुजे दुष्ट जीव, गावरान बोलतात. हशा हमखास. मी औशाकडचा, माझी आजी अशीच बोलायची, आणि तरीही शहाण्या म्हाताऱ्या जादूगाराचा आवाज काढायची वेळ आली की माझी जीभ आपोआप शुद्ध होते. हे मला कुणी शिकवलं नाही, टीव्हीसमोर बसून आलं. तुमची पुस्तिका वाचेपर्यंत लक्षातही आलं नव्हतं. तेव्हा मी वरून बोलत नाहीये, शेजारी बसून बोलतोय.

तुमच्या गटाला मी काही प्रश्न पाठवले होते. उत्तर सभ्य आलं. त्यातलं एक वाक्य मात्र घशाखाली उतरेना. खेळात समुद्रापलीकडून आलेला एक काळा माणूस आहे, भाडोत्री पहिलवान. मी विचारलं होतं, हा वझीर का नाही? उत्तर आलं: 'आपल्या मध्ययुगीन वातावरणात ते विश्वसनीय वाटणार नाही.' ज्या जगात पर्वत उठून चालतात आणि घुबडं व्याजानं पैसे देतात, त्या जगात काळा वझीर विश्वसनीय वाटणार नाही!

मलिक अंबर. जन्म आफ्रिकेत, हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियाकडं. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादेकडून हातोहात दख्खनला आला. इथं त्याला घेणारा अहमदनगरच्या निजामशाहीचा मंत्री स्वतःच हबशी होता. धनी वारल्यावर मोकळा झाला, घोडेस्वार जमवले, आणि पुढं निजामशाहीचा कारभार हाकला. जहांगीरच्या फौजांना डोंगराळ मुलखात फिरवून फिरवून दमवलं. जमीन मोजून सारा ठरवला. १६१०मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथं जमिनीखालून नहर आणली. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. १६२६मध्ये गेला. कबर खुलताबादला आहे. लातूरहून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत पोचाल. जाताना देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारीही बघा. वटवाघळांच्या वासात, हात भिंतीला लावून त्या बोगद्यातून एकदा गेलात की डन्जन आखायला कुठलं इंग्रजी पुस्तक उघडायची गरज उरणार नाही.

इथं काय काय होतं याची यादी करत बसलो तर पत्र संपायचं नाही. तेरला या. लातूरहून तासा-दीड तासावर आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या वहीत त्याचं नाव 'तगर' असं आहे, पैठणच्या जोडीनं. वेरूळला बौद्ध, हिंदू, जैन लेणी एकाच डोंगरात, ओळीनं चौतीस. नांदेडला गुरू गोविंदसिंगांची समाधी. देगलूर-बिलोलीला घरात तेलुगू आणि बाजारात मराठी. उदगीर-उमरग्याकडं कानडी. संभाजीनगरच्या गल्ल्यांत दखनी. आमच्या टेबलावरच्या आठ जणांच्या घरी मिळून पाच भाषा चालतात, आणि टेबलावर सहावीत, म्हणजे खेळाच्या इंग्रजीमिश्रित मराठीत, भांडणं. हे मी 'किती छान विविधता' म्हणून सांगत नाहीये. यातल्या प्रत्येक दोन गटांचं एकमेकांशी काहीतरी वाकडं आहे. पण ते वाकडं का, याला कारण आहे, साल आहे, बांधाची नाहीतर पाण्याची भानगड आहे. फँटसीत नेमकं हेच गळून पडतं. तिथं वैर रक्तातच असतं.

राक्षसाचं बघा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७७च्या राक्षसकोशात आपला 'राक्षस' आहे, वाघाच्या तोंडाचा, हातात हुक्क्यासारखी नळी घेतलेला, आणि तेव्हापासून जगभरची पोरं राक्षस म्हणजे वाघतोंड्या समजतात. ते असो, त्यांना काय ठाऊक. पण तुमच्याही पुस्तिकेत राक्षस वाघाच्याच तोंडाचा आहे! बीड जिल्ह्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. लोक तिथं शनीच्या दर्शनाला जातात. १७६३च्या ऑगस्टमध्ये मराठ्यांनी निजामाला तिथंच हरवलं. गावाच्या नावात राक्षस घेऊन माणसं पिढ्यानपिढ्या सुखानं नांदतायत, आणि आपण आपला राक्षस आयात करतोय.

आणि पिशाच. तुमच्या पुस्तिकेत पिशाचांना भाषा नाही. 'घशातून आवाज काढतात' असं लिहिलंय. इथं मला थोडं थांबावं लागेल, कारण ही गोष्ट आमच्या पैठणची आहे.

अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवानं जो कथासरित्सागर रचला, त्यात ती येते. प्रतिष्ठानचा सातवाहन राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी म्हणाली, "मोदकैः." म्हणजे मा उदकैः, पाणी नको उडवू. राजाला संस्कृत येत नव्हतं, त्यानं मोदक मागवले. सगळ्या हसल्या. राजा अंथरूण धरून बसला. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत शिकवतो. दुसरा, शर्ववर्मा, म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्यानं पैज लावली: असं झालं तर संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडीन. आणि हरला. बोलायला भाषाच उरली नाही, म्हणून मुका होऊन विंध्याच्या जंगलात गेला. तिथं पिशाचांकडून त्यांची भाषा शिकला. त्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती, स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजाकडं पाठवली. राजा म्हणाला, पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरं, हे काय वाङ्मय? परत पाठवली.

राणी हसली म्हणून जो अंथरुणाला खिळला होता, तोच आता भाषेवरून दुसऱ्याला हसतोय. संस्कृत येऊन त्याला किती दिवस झाले असतील?

मग गुणाढ्यानं टेकडीवर आग पेटवली. एकेक पान वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला जंगलातली जनावरं जमली, चरायचं विसरून रडत उभी राहिली. इकडं राजाच्या ताटात सुकं मांस येऊ लागलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली, आणि तो धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरलेला एक लाख, तो पुढच्या कितीतरी कथांचा उगम.

आपल्याकडच्या अद्भुत गोष्टींचं मूळ अशा पुस्तकात सांगितलं जातं, जे पिशाचांच्या भाषेत होतं. आज मूळ बृहत्कथा कुठंच मिळत नाही, इतरांनी सांगितलेल्या कथांतूनच ती कळते. पुढच्या आवृत्तीत तुमच्या पिशाचांना भाषा द्या, व्याकरणासकट. नाहीतर निदान एक पिशाच असा ठेवा ज्याला जळलेले सहा लाख श्लोक पाठ आहेत.

तुम्ही म्हणाल, तक्रारी झाल्या, पण खेळात शत्रू तर लागणार. आमच्याही टेबलावर हा प्रश्न आला. मी तिसऱ्या रविवारी जोशात जाहीर केलं, आता कुठलीही जमात दुष्ट नाही. परभणीचं पोरगं वैतागलं: "मग मारायचं कुणाला? आठवडाभर फिजिक्स मारतंय आम्हाला. इथं तरी आम्ही कुणाला मारावं का नाही?" त्याचं बरोबर होतं. सगळे भले असलेलं जग मी दोन रविवार चालवून बघितलं. दुसऱ्या रविवारी तिघं झोपले.

तोडगा निघाला तो किनवटच्या पोराकडून. म्हणाला, "सर, एक डाव मी चालवतो." त्यानं ती भटकी जमात घेतली, चोरी +२ खोडलं आणि खलनायकही त्याच तांड्यातला ठेवला. एक मुकादम. दिवाळीनंतर तो तांड्यावर येतो, हातात कोऱ्या कागदाचं भेंडोळं. उचल देतो. ज्यानं अंगठा लावला त्याची सावली कागदावर उतरते. नवराबायको मिळून एक कोयता, तशी दोघांची मिळून एकच सावली. सहा महिने साखरेच्या किल्ल्यात राबायचं. फेडलं तर सावली परत. पण हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि ती वही त्याच्याखेरीज कुणाला वाचता येत नाही. मुकादमाला तलवारीनं मारता येतं, अगदी सहज. तो मेला की सगळ्या सावल्या कागदातच राहतात.

साडेचार तास चालला तो डाव. जेवणाची घंटा कुणाला ऐकू आली नाही. परभणीच्या पोरानं मुकादमाला मारायला तलवार उपसली, तर तांड्यातल्याच म्हाताऱ्या बायका मध्ये पडल्या. एकीचं मत, त्याला मारू नका, पोरीच्या लग्नाला त्यानंच पैसे दिलेत. दुसरीचं, मारा. तिसरी म्हणाली, मारा, पण आधी वही वाचायला शिका. तांडा एकच, साडी एकच, बोली एकच, आणि म्हाताऱ्यांची तीन तोंडं तीन दिशांना. कुठल्या जमातीत आपसात भांडायला तीन माणसं सापडली, की मला ती जमात खरी वाटते. तुमच्या पुस्तिकेत सोळा जमाती आहेत. मी मोजल्या. राजनगरीचे मानव सोडले तर एकाही जमातीत दोघांचं एकमेकांशी पटत नाही असं कुठंच लिहिलेलं नाही.

बाहेरच्यानं लिहूच नये, असं मला अजिबात म्हणायचं नाही. मग मी कुणाविषयी लिहू? रेक्टर लोकांविषयी? पण लिहिण्याआधी टेबलावर कोण बसलंय ते बघा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनी २०२२मध्ये १३ साहसांचं एक पुस्तक काढलं. त्यातली शंखभूमी, नद्यांचा मुलूख, कोलकात्यात वाढलेल्या दलित लेखिका मिमी मोंडल यांनी रचली. अमेरिकेतली कंपनी अशा लेखिकेपर्यंत पोचू शकते. पुण्याहून लातूरला रात्रीची ट्रॅव्हल्स आहे, पहाटे सोडते.

व्यवहाराचं थोडं. दुसऱ्या रकान्यात आम्ही सध्या लिहितो: 'कुठून आलास आणि का निघालास.' त्याला गुण नाहीत. फासा टाकताना डन्जन मास्टरला ते आठवलं तर एखादा अंक वाढतो, नाही आठवलं तर नाही. नियम म्हणून हा ढिसाळ आहे, परभणीच्या पोराला अजिबात मान्य नाही, आणि त्याच्याकडं एक पानभर वेगळी पद्धत तयार आहे, आकडेवारीसकट. सोबत जोडली आहे. किनवटच्या पोरानं तांड्याचा नकाशा काढलाय, त्याची प्रतही जोडलीय. तो वापरायचा असेल तर त्याचं नाव छापा आणि मानधन द्या. नीट मेमध्ये आहे, त्याआधी त्याला फोन करू नका.

गोब्लिनचा आवाज मी बदललाय. तो आता माझ्यासारखा बोलतो, पालकांशी बोलताना मी जसा बोलतो तसा. पोरं म्हणतात पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटते.

पुढची कच्ची प्रत तयार झाली की पाठवा. रविवारी टेस्ट दीडला सुटते.

आपला,
एक रेक्टर, लातूर